मत फोडणारा मतदार आणि मवाळ प्रतिनिधी

१९७२ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिचर्ड निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. जे एकच राज्य त्यांच्या हाती लागले नाही ते मॅसॅच्युसेट्स. (राजधानी वॉशिंग्टननेही त्यांना नाकारले, पण ते राज्य नव्हे.) मॅसॅच्युसेट्समध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉर्ज मॅकगव्हर्न यांना शेकडा ५४ मते पडली. आणि त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या एका उमेदवाराला शेकडा ६३ हून अधिक मते देऊन सिनेटवर पुन्हा पाठविले. त्याचे नाव एडवर्ड ब्रुक. ब्रुक कृष्णवर्णीय होते, आणि या राज्यात कृष्णवर्णीयांची संख्या त्या वेळी शंभरात तीनच्या आसपास होती.

त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. अमेरिकेतील काळ्यांच्या राजकारणाचे हे जहाल टोक आपल्याकडे बऱ्यापैकी परिचित आहे. दुसरे टोक, म्हणजे गोऱ्यांच्या मतांवर निवडून येणारा, गोऱ्यांच्या पक्षात राहणारा मवाळ काळा प्रतिनिधी, आपण फारसा अभ्यासलेला नाही. त्याची टवाळी करणे सोपे आहे. परंतु मतदाराने त्याला का निवडले आणि निवडून काय मिळविले, हे नीट पाहिले तर आपल्या राखीव जागांच्या राजकारणावरही काही प्रकाश पडतो. म्हणून हा खटाटोप.

प्रथम आकडे. १९७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सात निक्सन यांना सुमारे ११ लाख १२ हजार मते मिळाली. ब्रुक यांना सुमारे १५ लाख ६ हजार. याचा सरळ अर्थ असा की, जवळजवळ चार लाख मतदार तरी असे होते की ज्यांनी निक्सन यांना नाकारून ब्रुक यांना मत दिले. प्रत्यक्षात ही संख्या याहून मोठी असेल, कारण निक्सन यांना मत देणारा प्रत्येक जण ब्रुक यांच्या बाजूचा होता असे मानायला आधार नाही.

या प्रकाराला अमेरिकेत तिकीट फोडणे म्हणतात. आपल्याकडे तिकीट हे उमेदवाराला मिळते, तो ते पक्षाकडे मागतो, कधी विकतही घेतो. तिकडे मूळचे तिकीट मतदाराच्या हातात असे. एकोणिसाव्या शतकात मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्षच छापत. अध्यक्षापासून गावच्या अधिकाऱ्यापर्यंत पक्षाच्या सर्व उमेदवारांची नावे एका कागदावर, आणि मतदाराने तो कागद पेटीत टाकायचा. एखादा उमेदवार नको असेल तर त्याचे नाव खोडून दुसरे लिहावे लागे, तेही पक्षाच्या माणसांच्या डोळ्यांदेखत. मग कोण खोडणार? १८८८ साली मॅसॅच्युसेट्सने सरकारी छापाची गुप्त मतपत्रिका राज्यभर स्वीकारली. ती स्वीकारणारे अमेरिकेतील ते पहिले राज्य. शिवाय तेथे नावे पक्षवार रकान्यांत न छापता पदवार छापण्याची पद्धत पडली : या पदासाठी हे उमेदवार, त्या पदासाठी ते. दुसऱ्या कित्येक राज्यांत पक्षाच्या रकान्यावर एक खूण केली की सगळा पक्ष निवडला जाई. पदवार मतपत्रिकेत मतदाराला प्रत्येक पदाशी थांबावेच लागते. जेरोल्ड रस्क या अभ्यासकाने १९७० साली दाखवून दिले की, गुप्त सरकारी मतपत्रिका आल्यावर मत फोडण्याचे प्रमाण वाढले, आणि ते मतपत्रिका कशी छापली आहे यावरही अवलंबून होते. मतदाराचे स्वातंत्र्य ही केवळ मनाची गोष्ट नाही. ते कागदाच्या छपाईतही असते. ज्यांच्या मतावर पाटलाची नजर असते त्या आपल्या वस्त्यांना हे वेगळे शिकवायला नको.

पण कागदाने वाट मोकळी केली, एवढेच. मतदार त्या वाटेने का जातो, याची कारणे अभ्यासकांनी दोन प्रकारे दिली आहेत. मॉरिस फियोरिना आदींचे म्हणणे असे की, मध्यममार्गी मतदाराला दोन्ही पक्ष टोकाचे वाटतात. म्हणून तो अध्यक्ष एकाचा आणि विधिमंडळ दुसऱ्याचे असे जाणून तोल साधतो. बॅरी बर्डन आणि डेव्हिड किंबल यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात याला आक्षेप घेतला. मतदार असा तराजू घेऊन बसत नाही, असे त्यांचे सांगणे. पदावर असलेल्या उमेदवाराची ओळख मोठी, पैसा मोठा; समोरचा दुबळा. दोघांच्या भूमिकांत अंतर कमी असले की पक्ष पुसट होतो आणि माणूस ठळक होतो. मत फुटते ते यामुळे.

ब्रुक यांच्या बाबतीत तोल साधण्याची उपपत्ती लागू पडत नाही. १९७२ च्या शरदात निक्सन जिंकणार हे उघड होते. मॅकगव्हर्न यांना मत देणाऱ्याला अध्यक्षावर अंकुश म्हणून सिनेटमध्ये रिपब्लिकन माणूस हवा होता असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. त्याला अंकुश हवा असलाच तर तो निक्सनवर हवा होता. आणि गंमत अशी की ब्रुक हा अंकुश होऊन दाखवत होते. निक्सन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी १९६९ मध्ये हेन्सवर्थ आणि १९७० मध्ये कार्सवेल यांची नावे पाठविली, तेव्हा नागरी हक्कांच्या चळवळीने दोघांनाही विरोध केला. ब्रुक यांनी आपल्या अध्यक्षाविरुद्ध उभे राहून ती नावे पाडायला हातभार लावला. म्हणजे मॅकगव्हर्न आणि ब्रुक अशी दोन मते देणारा मतदार बाहेरून विसंगत दिसतो, आतून तो सुसंगतच होता. पक्षाच्या पाट्या वेगळ्या, माल जवळजवळ एकच.

पाट्या अशा फसव्या का झाल्या होत्या, हे कळण्यासाठी बॉस्टन शहराकडे पाहावे लागते. राष्ट्रीय पातळीवर डेमोक्रॅटिक पक्ष हा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा पक्ष. परंतु बॉस्टनमध्ये काळ्या मुलांना गोऱ्या शाळांत येऊ न देणारे राजकारण याच पक्षाच्या घरात वाढले. शाळा समितीच्या लुईस डे हिक्स या त्याच्या प्रमुख नेत्या. १९७० मध्ये त्या डेमोक्रॅटिक पक्षातर्फेच संसदेवर निवडून गेल्या. उलट, राज्यातील जुन्या प्रोटेस्टंट घराण्यांचा रिपब्लिकन पक्ष आर्थिक बाबतीत धनिकांचा असला तरी वंशाच्या प्रश्नावर गुलामगिरीविरोधी परंपरा सांगणारा होता. त्याच पक्षाने १९६४ मध्ये नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या बॅरी गोल्डवॉटर यांना अध्यक्षपदासाठी उभे केले, तेव्हा राज्याचे अॅटर्नी जनरल असलेल्या ब्रुक यांनी त्यांना पाठिंबा देण्याचे नाकारले. गोल्डवॉटर राज्यात धुळीला मिळाले आणि ब्रुक मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून आले. मतदाराची पक्षाबाहेर पाहण्याची ही सवय १९७२ च्या आधीपासूनची होती.

आमच्याकडे 'मवाळ' म्हटले की तुच्छता डोकावते. पण महाराष्ट्रातच राजकारणातले जहाल हे सामाजिक प्रश्नावर सनातनी आणि मवाळ हे सुधारक, असा उलटा हिशेब होता. १८९५ साली पुण्याच्या काँग्रेस मंडपात सामाजिक परिषद भरू द्यायची नाही म्हणून जी धमकी दिली गेली, ती मवाळांनी दिलेली नव्हती. शब्दावरून माणूस ठरवू नये एवढ्यासाठी हे सांगितले.

ब्रुक यांच्या कामाचाही हिशेब मांडला पाहिजे. १९१९ साली वॉशिंग्टनमध्ये जन्म, हॉवर्ड विद्यापीठात शिक्षण. दुसऱ्या महायुद्धात केवळ काळ्यांच्या वेगळ्या पलटणीतून इटलीत लढाई. मग बॉस्टनमध्ये वकिली. १९६६ मध्ये ते सिनेटवर गेले. लोकांच्या थेट मतांनी सिनेटवर गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. गुलामगिरी संपल्यानंतर मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स आणि ब्लँच ब्रूस हे दोघे गेले होते, पण त्यांना राज्याच्या विधिमंडळाने निवडले होते. सिनेटर झाल्यावर ब्रुक यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या वॉल्टर मॉन्डेल यांच्यासह घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध विधेयक लढविले. १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. काळ्या माणसाला घर भाड्याने देण्याचे किंवा विकण्याचे नाकारणे त्यामुळे बेकायदेशीर ठरले. (शहरात खोली शोधताना आडनाव विचारले जाते, तो अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या कायद्याचे मोल कळेल.) १९६९ ची त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती अशी की सरकारी घरात राहणाऱ्या गरिबाकडून त्याच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भाडे घ्यायचे नाही. सरकारी चाळीतल्या गोऱ्या कुटुंबालाही तिचा फायदा होता. १९७३ च्या नोव्हेंबरात, वॉटरगेट प्रकरणी निक्सन यांनी राजीनामा द्यावा असे जाहीरपणे सांगणारे ते पहिले रिपब्लिकन सिनेटर ठरले.

ही जमेची बाजू झाली. आता किंमत. गोऱ्या मतदाराने ब्रुक यांना एका अटीवर स्वीकारले होते आणि ती अट कोठेही लिहिलेली नव्हती : तू काळा असलास तरी काळ्यांचा पुढारी म्हणून आमच्यापुढे येऊ नकोस. ब्रुक यांनी ती बरीचशी पाळली. अॅटर्नी जनरल असताना त्यांनी काळ्यांच्या चळवळीने पुकारलेला बॉस्टनच्या शाळांवरील बहिष्कार बेकायदेशीर ठरविला आणि चळवळीचा रोष ओढवून घेतला. १९६६ च्या प्रचारात एकीकडे वर्णद्वेष्टे लेस्टर मॅडॉक्स आणि दुसरीकडे 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा देणारे स्टोकली कारमायकेल, या दोघांपासून त्यांनी सारखेच अंतर राखले. माझ्या मते या दोघांना एका तराजूत घालणे अन्यायाचे होते. काळ्यांना हॉटेलात पाऊल ठेवू न देणारा आणि त्या अन्यायाविरुद्ध तुरुंगात जाणारा, हे एकाच रोगाचे दोन प्रकार कसे होतील? पण गोऱ्या बहुसंख्येपुढे उभ्या असलेल्या काळ्या उमेदवाराला हे समीकरण मांडावे लागले, यातच त्या अटीचा जोर दिसतो.

मग १९७४ साल आले. न्यायाधीश गॅरिटी यांनी बॉस्टनच्या शाळांतील वंशभेद मोडण्यासाठी मुलांना बसने एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत नेण्याचा आदेश दिला. सप्टेंबरात दक्षिण बॉस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले. १९७६ च्या एप्रिलमध्ये नगरभवनासमोर एका काळ्या वकिलावर राष्ट्रध्वजाच्या काठीने हल्ला झाला. त्या छायाचित्राला पुढे पुलित्झर पारितोषिक मिळाले. या प्रश्नावर ब्रुक मागे हटले नाहीत. बसविरोधी दुरुस्त्यांशी सिनेटमध्ये ते लढत राहिले. १९७५ मधली अशी एक दुरुस्ती डेमोक्रॅटिक पक्षाच्या जो बायडेन यांनी मांडली होती, जे पुढे अध्यक्ष झाले. पाट्यांचा फसवेपणा येथेही दिसतो. गरीब स्त्रियांच्या गर्भपाताच्या खर्चाचे सरकारी साहाय्य बंद करण्यालाही ब्रुक यांनी विरोध केला.

१९७८ मध्ये ते पडले. पॉल साँगस या डेमोक्रॅटिक उमेदवाराला शेकडा ५५ मते मिळाली. या पराभवाचे कारण एकच सांगणे सोयीचे आहे, पण खरे नाही. घटस्फोटाच्या प्रकरणात आपल्या आर्थिक व्यवहाराविषयी दिलेली माहिती चुकीची होती हे त्यांना मान्य करावे लागले होते, आणि स्वच्छ माणूस ही त्यांची मोठी पुंजी होती. पक्षांतर्गत निवडणुकीत उजव्या बाजूचा प्रतिस्पर्धी उभा राहिला. त्याला त्यांनी थोडक्यात हरविले. परंतु मत फोडण्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. साँगस स्वतः उदारमतवादी होते. डेमोक्रॅटिक मतदाराला ब्रुक यांच्याकडून जे मिळत होते ते आता आपल्याच पक्षात, कोणत्याही भानगडीविना मिळत होते. मग त्याने मत कशाला फोडावे? मवाळ प्रतिनिधीची ताकद त्याच्या गुणांत जेवढी असते तेवढीच समोरच्या पक्षाच्या उणिवेत असते. ब्रुक गेल्यानंतर सिनेटवर निवडून येणारी पुढची कृष्णवर्णीय व्यक्ती म्हणजे १९९२ मध्ये इलिनॉयच्या कॅरल मोझली ब्राउन.

त्यानंतर मत फोडणे एकंदरीतच आटत गेले. १९७२ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या ४३५ पैकी १९२ मतदारसंघांनी अध्यक्षपदाला एका पक्षाला आणि प्रतिनिधित्वाला दुसऱ्या पक्षाला कौल दिला होता. २०२० मध्ये असे मतदारसंघ अवघे १६ उरले. दक्षिणेतील वर्णवर्चस्ववादी हळूहळू एका पक्षात गोळा झाले, काळे आणि उदारमतवादी दुसऱ्यात. पाट्या आणि माल जुळले. २०१६ मध्ये तर एकाही राज्याने सिनेट आणि अध्यक्षपद यांत वेगळा पक्ष निवडला नाही. २०२० मध्ये एकाच राज्याने तसे केले. ते राज्य मेन आणि तेथील मवाळ रिपब्लिकन सिनेटर सुसान कॉलिन्स.

मेनमध्ये बायडेन यांना शेकडा ५३, ट्रम्प यांना ४४. आणि कॉलिन्स यांना ५१. ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे ५७ हजार मते त्यांना अधिक पडली, आणि सर्वेक्षणे मात्र डेमोक्रॅटिक पक्षाच्या सारा गिडियन यांना पुढे दाखवीत होती. मेन हे लहान राज्य. कॉलिन्स १९९७ पासून सिनेटमध्ये. उत्तरेकडच्या कॅरिबू गावच्या कन्या. एकही मतदान न चुकविणाऱ्या. राज्यासाठी पैसा आणणाऱ्या. शिवाय निवडणुकीच्या आठवडाभर आधी न्यायमूर्ती बॅरेट यांच्या नियुक्तीविरुद्ध मत देणाऱ्या त्या एकट्याच रिपब्लिकन होत्या. ही कारणे ब्रुक यांच्या कारणांशी जुळती आहेत. पण मतदाराने व्यक्तीला दिलेले मत सिनेटमध्ये पोहोचताच पक्षाचे होते, हेही तेथे दिसते. २०१८ मध्ये कॅव्हॅनॉ यांची नियुक्ती ५० विरुद्ध ४८ मतांनी झाली, तेव्हा कॉलिन्स त्यांच्या बाजूला होत्या. आणि २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणाऱ्या बहुमतात कॅव्हॅनॉ होते. २०२१ च्या जानेवारीत जॉर्जियातून दोन डेमोक्रॅट निवडून आल्यावर सिनेट ५०-५० झाले. त्यांतले राफाएल वॉरनॉक हे कृष्णवर्णीय, आणि त्यांच्या विजयाला मोठा आधार काळ्यांच्या मतांचाच होता. गोऱ्यांच्या संमतीवर निवडून आलेल्या ब्रुक यांच्यापेक्षा ही वाट निराळी.

आपल्याकडे हा प्रश्न फार आधी, आणि अधिक नेमकेपणाने मांडला गेला. दलितांचा प्रतिनिधी जर सवर्णांच्या मतांवर निवडून येणार असेल तर तो कोणाला बांधील राहील, हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मतदारसंघांमागचा मुद्दा. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागा वाढल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले. ब्रुक यांचे उदाहरण देऊन कोणी म्हणेल की पाहा, बहुसंख्यांच्या मतावर निवडून येऊनही माणूस आपल्या समाजासाठी लढू शकतो. शकतो, पण त्यासाठी दोन गोष्टी तिकडे होत्या. एक, पक्षाचा आदेश मोडला म्हणून सिनेटरची जागा जात नाही. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्वच जाऊ शकते. मग मतदाराने माणूस पाहून दिलेल्या मताचे काय करायचे? दोन, ब्रुक यांना पक्षाने कुठल्या राखीव जागेवर आणून बसविले नव्हते. पक्षात आणि पक्षाबाहेर त्यांनी स्वतः जागा मिळविली होती. राखीव जागेवर दलितांमधलाच कोणता दलित बसवायचा हे मोठा पक्ष ठरवतो आणि बहुसंख्य मतदार त्यावर शिक्का मारतो, तेव्हा 'मवाळ' या शब्दाचा अर्थ 'आम्हाला चालणारा' एवढाच उरतो.

याचा पुरावा आपल्याच निवडणुकांच्या मोजणीत आहे. पहिल्या निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्य होते : एक सर्वसाधारण जागा, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत डॉ. आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. त्यांच्या जोडीने उभे असलेले समाजवादी अशोक मेहताही तेथे पडले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हीच जोडी पुन्हा उभी राहिली. या वेळी मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले आणि बाबासाहेब राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांच्याकडून आठ हजारांहून अधिक मतांनी हरले. बोरकरही अनुसूचित जातीचेच होते. तेव्हा मतदाराला दलित चालत नव्हता असे म्हणता येत नाही. दोन मतांपैकी एक काँग्रेसच्या विरोधकाला द्यायला पुरेसे मतदार तयार झाले. दुसरे मत त्याच्या साथीदाराला द्यायला तितके झाले नाहीत. मॅसॅच्युसेट्सच्या मतदाराने पक्ष ओलांडून काळ्या मवाळाला निवडले. भंडाऱ्याच्या मतदाराने मत फोडले ते आपल्या बळावर उभ्या असलेल्या दलित नेत्याला वगळण्यासाठी, आणि त्याचा फायदा दुसऱ्या दलिताला झाला. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ बंद झाले. तेव्हापासून राखीव मतदारसंघात मतदाराच्या हाती एकच मत आहे, आणि असे फुटलेले मत मोजणीत वेगळे दिसत नाही.